मोटोरिना विकायला गेलेली इदाल्मिस

इदाल्मिसच्या तोंडी लागू नये असं आमच्या हिबारा गावात सगळेच म्हणतात, आणि रोज सकाळी सगळेच तिच्या तोंडी लागायला दारात उभे राहतात. कारण एकच, तिचे पेरूचे पास्तेलितो. वरचे पापुद्रे खाणाऱ्याच्या शर्टभर सांडतात आणि आत पेरूच्या मुरंब्याची जाड वडी असते. गिऱ्हाइकाला शिव्या घालत घालत माल विकणारी अशी बाई मी दुसरी पाहिली नाही. वय छप्पन, अंगाने भरलेली, आवाज अंगापेक्षा मोठा. आठ वर्षांपासून घरात एकटी, पण एकटेपणाबद्दल विचारलंत तर तुमची धडगत नाही.

तिचा माल बॅटरीवरच्या लाल स्कूटरवरून जायचा. आमच्याकडे तिला मोटोरिना म्हणतात. गाव समुद्रापासून चढत गेलेलं, आणि मोटोरिनावर एका वेळी एकच खोकं बसतं. ते घेऊन वरच्या शाळेपर्यंत पोचावं, तर खालचं गिऱ्हाईक कंटाळून घरी गेलेलं. दुसरी फेरी मारेपर्यंत वरची पोरं वर्गात. म्हणून इदाल्मिसला हवी होती ती मालवाहू तीनचाकी, बॅटरीवरचीच. आणि ओस्मेल कोळ्याने नेमकी तशीच विकायला काढली होती. तो शनिवारी लेकीकडे परदेशी कायमचा निघाला होता.

"हे बघ इदाल्मिस," तो म्हणाला, "शुक्रवारी कागद झाला तर गाडी तुझी. नाही झाला तर माझा मेहुणा टपलेलाच आहे."

"तुझ्या मेहुण्याला दोन चाकं सांभाळत नाहीत, तीन कशाला हवीत त्याला?"

तीनचाकी घ्यायची तर आधी मोटोरिना विकायला हवी. गिऱ्हाईक तयार होतं. दवाखान्यातली युसिमी नर्स चालून चालून थकली होती. तेव्हा शुक्रवारी सकाळी तिघंही नोटरीच्या कचेरीपाशी हजर झाली. आधी मोटोरिनाचा कागद, लगेच तीनचाकीचा, असा बेत होता.

आमच्याकडची रांग दिसत नाही. आल्यावर मोठ्याने विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं. तो चेहरा लक्षात ठेवायचा आणि मग खुशाल सावलीत जाऊन बसायचं. माणसं चौकभर पांगलेली असतात, पण नंबर चुकला तर सगळा चौक ओरडतो. इदाल्मिस निळ्या टोपीवाल्या म्हाताऱ्याच्या मागे होती. तिचा नंबर आला तेव्हा युसिमीचा अर्धा डबा खाऊन झाला होता.

आत नोटरीबाईंनी मोटोरिनाची कागदपत्रं पाहिली, संगणकात नाव घातलं आणि चष्मा वर केला.

"सगळं ठीक आहे. तुमच्या यजमानांना आत बोलवा, सही लागेल."

"कुणाच्या यजमानांना?"

"तुमच्या. लग्नानंतर घेतलेली वस्तू दोघांची असते. विकायची तर दोघांची सही."

"अहो बाई, मला नवरा नाही. एक होता बारा वर्षं. तो कागदाशिवाय आला आणि कागदाशिवाय गेला. देव त्याला सुखी ठेवो, लांब कुठेतरी."

"त्यांचं नाही म्हणत मी. निवार्दो पुपो. कायदेशीर लग्न, घटस्फोटाची नोंद नाही."

युसिमीला ठसका लागला. इदाल्मिसच्या तोंडून मात्र चकार शब्द निघाला नाही. हे गावात पहिल्यांदाच घडत होतं.

मग तिला ते आठवलं. तिच्या तरुणपणची ती वर्षं भयंकर टंचाईची होती. दुकानात साबण मिळेना, तिथे बियर कुठली! पण लग्न नोंदवलं की सरकारकडून केक आणि बियरच्या पेट्या मिळत. त्यामुळे त्या काळात आमच्या गावात प्रेमाला ऊत आला होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी लग्नं केली. तिच्या धाकट्या बहिणीची, मारिसेलची पंधरावी, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा, जवळ आली होती. मुलीची पंधरावी नाचगाण्याशिवाय, पेयाशिवाय काढायची म्हणजे नाक कापलं जायचं. तेव्हा इदाल्मिसने शेजारच्या निवार्दोला विचारलं, "बियरसाठी माझ्याशी लग्न करशील का रे?" तिचं वाक्य संपायच्या आत तो हो म्हणाला होता. पंधरावी दणक्यात झाली. पुढच्या महिन्यात घटस्फोट घेऊ असं ठरलं. मग आलं वादळ, छपरं उडाली, आणि तो विषय राहून गेला. तो उरकेल म्हणून ही गप्प राहिली, आणि तो का गप्प राहिला हे तिने कधी विचारलंच नाही.

"बारा वाजता वीज जाते," नोटरीबाई म्हणाल्या. "त्याच्या आत आणा त्यांना. नाही तर सोमवारी या."

सोमवारपर्यंत तीनचाकी मेहुण्याच्या दारात! इदाल्मिस उठली ती तडक मोटोरिनावर बसली.

निवार्दो बंदराजवळ पंखे दुरुस्त करतो. काटकुळा, साठीचा, कमी बोलणारा. रोज तो तिच्या दारात एकच विनोद करायचा, "काय बायको, नवऱ्याला एक पास्तेलितो?" आणि ती म्हणायची, "नवरा असतास तर लाटणं खाल्लं असतंस." सगळे हसायचे. आता त्या हसण्याची तिला लाज वाटायला लागली.

तो पंख्याच्या मोटरची तार गुंडाळत होता. तिने दारातूनच आवाज टाकला.

"निवार्दो! तू माझा नवरा आहेस!"

"हो," तो मान वर न करता म्हणाला. "माहीत आहे मला."

"माहीत आहे? इतकी वर्षं माहीत आहे? मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"रोज सकाळी बोलत होतो की."

तिने कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "चल. सही हवी आहे तुझी."

तो आत गेला तो येईचना. आला तेव्हा अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा सदरा.

"सही करायची आहे, लग्न नाही!"

"लग्नाला उसना सदरा होता," निवार्दो म्हणाला. "हा माझा आहे."

इदाल्मिसने पटकन तोंड फिरवलं आणि गाडीची किल्ली शोधू लागली. किल्ली हातातच होती.

मागे बसल्यावर बिचाऱ्याला हात कुठे ठेवावेत कळेना. पहिल्याच वळणावर तो घसरला.

"अरे धर की! पडशील! कायद्याने परवानगी आहे तुला."

त्याने धरलं. चढावर मोटोरिना दोघांच्या वजनाने कण्हत होती, आणि इदाल्मिसला हसू आवरेना. खरं सांगायचं तर तिला फार छान वाटत होतं. इतकं छान कधी वाटलं होतं, हे तिला आठवेना.

युसिमीने तोवर सगळी हकीकत चौकभर केली होती. दोघं दिसताच लोक उठून उभे राहिले.

"सापडला हो, नवरा सापडला!" निळ्या टोपीवाला म्हातारा ओरडला. त्याचं काम कधीच झालं होतं, पण तो घरी जायला तयार नव्हता. "आम्हाला पण सांग कुठे मिळतात ते!" एक बाई म्हणाली. कुणी टाळ्यांवर ठेका धरला. तिचा नंबर गेला अशी कुरकूर कुणीच केली नाही, आणि आमच्या गावात याच्याइतका मोठा आहेर नाही.

आत सह्या झाल्या. मोटोरिना युसिमीची झाली. ओस्मेल पुढे सरकला, आणि नोटरीबाई तीनचाकीचा कागद लिहू लागल्या. मध्येच त्या थांबल्या.

"अजून तुमचं लग्न कायम आहे. म्हणजे ही गाडीही दोघांची होणार. नको असेल तर यजमानांनी 'माझा हक्क नाही' असं म्हणावं, मी तसं वाक्य घालते."

"घाला ना," निवार्दो लगेच म्हणाला. "कष्ट तिचे आहेत. माझा काहीच हक्क नाही. आणि घटस्फोटाचंही ती म्हणेल तेव्हा..." तो सदऱ्याचं टोक खाली ओढत बसला.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला थोडाच अवकाश होता. ओस्मेल पाय हलवत होता. इदाल्मिस निवार्दोकडे बघत राहिली. ज्या माणसाने तिच्याकडे कधी काही मागितलं नाही, रोजचा तो एक पास्तेलितो सोडून, तो पुन्हा एकदा न मागता उठून जायच्या तयारीत होता.

"ते वाक्य घालू नका, बाई," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! उद्या भरल्या गाडीनिशी चढावर अडकले, तर हा म्हणेल माझा हक्क नाही, आणि बसेल पंख्यांच्या तारा गुंडाळत. दोघांची लिहा. ढकलू दे त्यालाही."

निवार्दो हसला. आवाज न करता, पण अख्ख्या तोंडाने. नोटरीबाईंची बोटं भराभर चालू लागली.

"पत्ता सांगा."

इदाल्मिसने आपल्या घराचा पत्ता सांगितला, गल्ली, नंबर, सगळं.

"आणि यजमानांचा?"

"बाई, वीज जाईल आता," इदाल्मिस करवादली. "एकदा सांगितला ना!"