पाणी उतरलं की माहेर

आमच्या आत्याला माहेरी जायला एस.टी. लागत नव्हती, न्यायला भाऊ यावा लागत नव्हता, सणाचंही निमित्त लागत नव्हतं. उजनीचं पाणी तेवढं उतरावं लागायचं. आमचं जुनं पळसदेव धरणात गेलं आणि गाव वर, हमरस्त्याच्या अंगाला येऊन बसलं. माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, तेही घर मोडून वर आले. आत्या त्यांची थोरली बहीण, डाळजला दिलेली. तिनं वरच्या घराला माहेर म्हणून कधी मानलंच नाही. उन्हाळ्यात पाणी मागं सरकून काळा खडक उघडा पडला, जुन्या घरांची जोती वर आली, की ती पिशवी भरायची आणि काठाकाठानं माहेरी निघायची.

यामागे एक भांडण होतं आणि ते आमच्या पंचक्रोशीला पाठ होतं. गाव हलवायच्या दिवसांत आजोबा अंथरुणाला खिळलेले, आजी नुकतीच गेलेली, आणि सगळा कारभार ओठावर मिसरूड फुटलेल्या आण्णांच्या अंगावर. आत्यानं डाळजहून निरोप धाडला होता की बाकी काही राहिलं तर राहू दे, पण आईचं तुळशीवृंदावन तेवढं आण. आण्णांनी वासे आणले, दारं आणली, पत्रे आणले. शेवटच्या गाडीत बैलांना पाणी पाजायची दगडी डोण चढवली आणि वृंदावन उद्या नेऊ म्हणून ठेवलं. उद्या उजाडला तेव्हा अंगणात पाणी होतं. 'बैलाची डोण आणली आन आईची तुळस ठिवली,' हे आत्याचं वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत आले. त्या दिवसापासून ती आण्णांशी बोलली नाही. त्यांचा विषय निघालाच तर 'डोणवाला' म्हणायची.

माझ्याशी मात्र तिचं काही भांडण नव्हतं. मला बारामतीला दिली, तरी मे महिन्यात मी माहेरपणाला आले की एक मुक्काम डाळजला ठरलेला. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आम्ही दोघी निघायचो. आत्याचा थाट बघण्यासारखा असे. अंगावर नऊवारी, डोक्यावर पदर, पायात मुलानं पुण्याहून आणलेले पांढरेशुभ्र पळायचे बूट. चालण्याचे तिचे नियम कडक होते. वाटेत बसायचं नाही, 'किती राहिलं' असं विचारायचं नाही, आणि ओल्या खडकावर मिजास करायची नाही. "धोंड्यावर पाय ठिवायच्या आदी त्येला इचारायचं," असं ती सांगायची. म्हणजे टाचेनं हलकेच दाबून बघायचं. हलला तर दुसरा धोंडा. हा नियम मी एकदाच मोडला आणि पुढचे आठ दिवस घरातल्या घरात लंगडत फिरले.

तो काठ उन्हाळ्यात फार देखणा दिसतो. काळ्या खडकांवर पाणी उतरल्याच्या पांढऱ्या रेघा एकाखाली एक उमटलेल्या असतात. पायाखाली शिंपले करकर वाजतात. गाळाच्या जमिनीत कुणी कलिंगडं लावलेली असतात, आणि पाणी मागं जाईल तशा लोकांच्या मोटारी, केबली आणि पाइपही त्याच्या मागं मागं खाली गेलेले असतात. भिगवणच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि त्यांच्यामागे पुण्याचे कॅमेरेवाले. एकदा अशाच एका कॅमेरेवाल्यानं आत्याला हात जोडून विनंती केली, की आजी, जरा लांबून जा, पक्षी बुजतील. आत्यानं कमरेवर हात ठेवले. "पाखरं मला वळखत्यात. नवं तुमी हाय," ती म्हणाली. एवढं बोलेपर्यंत सगळा थवा उडून गेला. त्या बिचाऱ्यानं कॅमेरा पिशवीत घातला आणि आत्या पुढचा पल्लाभर माझ्या दहा पावलं पुढं तरातरा चालली.

एकदा गावच्या बायकांची कोकणात सहल गेली. आत्याला बळेबळे नेलं. खडकांवर लाटा फुटताना बघून बाकीच्या बायका लहान पोरींसारख्या भिजत होत्या, आणि ही छत्री धरून उभी. परत आल्यावर मी विचारलं, की समुद्र कसा वाटला. "पाणी लई हाय," ती म्हणाली, "पर खाली कुणाचं गाव न्हाय. मग बघायचं काय?" तिनं कोकणावर दिलेला हा निकाल शेवटपर्यंत फिरवला नाही.

पळसदेवला पोचलो की देवळाचं शिखर डाव्या हाताला ठेवून ती नेमकी आमच्या जोत्यावर जायची. वृंदावनावरचा गाळ हातानं खरवडायची, पिशवीतल्या बाटलीतलं पाणी ओतून धुवायची, हळदीकुंकू लावायची. मग घरून पुडीत आणलेले तांदूळ आणि खोबऱ्याची वाटी स्वतःच स्वतःच्या पदरात घालायची. सासरी परतणाऱ्या लेकीची ओटी भरायची ती माहेरच्या बाईनं, हे तिलाही ठाऊक होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी भाकरीचं फडकं हातात धरून तिच्याकडे बघतच राहिले. ती मात्र पदर खोचून म्हणाली, "बघती काय? भाकरी सोड."

खरी गंमत पुढंच होती. तिथून वर बघितलं की आमच्या घराची गच्ची दिसायची, आणि गच्चीवरून ती. आत्या यायची त्या दिवशी आण्णांची पाण्यातली मोटार हमखास बिघडायची. वर्षभर बिनतक्रार चालणारी मोटार त्याच सकाळी बंद कशी पडते, असं आई दरवर्षी विचारायची. आण्णा हातात पाना घेऊन खाली उतरायचे आणि आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पाठ करून, धडधाकट मोटारीचे नट सोडवून पुन्हा आवळत बसायचे. थोड्या वेळानं आई माझ्या धाकट्या भावाकडून थर्मास पाठवायची. आत्या कप संपवायची, दुसरा मागायची आणि म्हणायची, "च्या कुणाच्या घरचा, ते मी इचारलं न्हाय आन तू सांगू नगं."

एका वर्षी आण्णांनी धीर केला. ट्रॅक्टर-ट्रॉली, चार गडी आणि साखळदंड घेऊन ते सकाळीच जोत्यावर हजर. वृंदावन उचलून वर न्यायचं आणि हे प्रकरण एकदाचं मिटवायचं, असा बेत होता. आत्या आली, तिनं ट्रॅक्टर पाहिला आणि सरळ वृंदावनाला टेकून बसली. गड्यांकडे बघून म्हणाली, "डोणवाल्याला म्हणावं, आता उचलायचं सुचलं व्हय? ही वर गेली तर मी यायचं कुठं?" गडी आण्णांकडे बघायला लागले, आण्णा खडकाकडे. ट्रॉली रिकामीच परत गेली. त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं, की आत्याला तुळस वर नको होती. भावाच्या दारापासून एवढ्या जवळ येऊन बसायला तिच्यापाशी तेवढं एकच कारण होतं आणि ते तिला गमवायचं नव्हतं. ही दोघं अशीच एकमेकांकडे पाठ करून म्हातारी होणार आणि एक दिवस त्यातलं एक जण कमी होणार, ही काळजी मला त्या दिवसापासून लागली.

मग आत्याचे गुडघे गेले. डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं, ते तिनं डॉक्टरांच्या तोंडावर मान्य केलं आणि दवाखान्याच्या पायरीवर विसरली. मागच्या वर्षी तर पाण्यानंही हट्ट धरला. आधीच्या पावसाळ्यात धरण तुडुंब भरलेलं, मे निम्मा सरला तरी जोती काही वर येईनात. मुलगा तिला म्हणाला, की गाडीनं रस्त्यानं सोडतो. ती म्हणाली, की रस्ता डोणवाल्याच्या दारात जातो. शेवटी त्यानं आम्हाला डांबर संपतं तिथं उतरवलं आणि तिथून काठाकाठानं, माझ्या खांद्यावर भार टाकत, ती निघाली. त्या दिवशी ती दोनदा वाटेत बसली.

पोचलो तर समोर नुसतं पाणी. देवळाचं शिखर तेवढं वर, बाकी सगळं खाली. आत्यानं पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि तशीच हातात धरून उभी राहिली. कुठल्या दिशेला टाकावं, तेच तिला समजेना. "कुठंशी असंल गं?" तिनं मला विचारलं. वाट विचारणं तिच्या नियमात नव्हतं. मला रडू आलं.

मागं खडकावर पाऊल वाजलं. आण्णा पाना घेऊन उभे होते. त्यांनी एकदा तिच्या हातातली डबी पाहिली. पाना खाली ठेवला, टोपी त्यावर ठेवली, धोतर खोचलं आणि पाण्यात शिरले. डाव्या हाताच्या शिखराकडे बघत, पायानं खडक चाचपत ते आत आत जात राहिले. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. मग ते थांबले, हनुवटी पाण्याला टेकेपर्यंत वाकले आणि खाली हात लावून म्हणाले, "हितं हाय, आक्का."

आत्याच्या तोंडून शब्द फुटला तो सगळ्या वर्षांना ओलांडून. "बाळ्या, माघारी फिर. तुला पवाय येत न्हाय."

आण्णा हलले नाहीत. तिथूनच म्हणाले, "तवा उद्या नेऊ म्हणलं आन ऱ्हायली. ती माझी बी आईच हुती की, आक्का."

"ठावं हाय मला," आत्या म्हणाली. "तू भायेर ये."

ते बाहेर आले. आत्यानं त्यांना खडकावर बसवलं आणि पदरानं त्यांचं डोकं खसाखसा पुसलं. वयानं पिकलेले आमचे आण्णा मान खाली घालून पुसून घेत होते. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, की ह्याला ओल्या धोतरात ठेवलं तर ताप भरेल, चल वर. जणू रोजच वर जात होती. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आतून खण-नारळ आणला. दर मे महिन्यात तो ट्रंकेतून काढायचा आणि परत ठेवायचा, हे तिचं कितीतरी वर्षं चाललेलं होतं, नारळ तेवढा बदलायचा. "वन्सं, बसा," एवढंच आई म्हणाली आणि तिनं ओटी भरली. आत्यानं पदर गच्च धरला, डोळे टिपले आणि पहिलं बोट अंगणातल्या डोणीकडे केलं. आता तिच्यात कोंबड्या पाणी पितात. "हिच्यापायी व्हय सगळं," असं म्हणून तिनं डोणीला एक चापट मारली. चहा पिताना म्हणाली, की चांगला आहे, पण खाली यायचा तो जास्त गोड असायचा.

दिवाळीत ती भाऊबिजेला आली, रस्त्यानं, गाडीत बसून, बूट घालून. आण्णांना ओवाळताना ताटातलं निरांजन तिनं दोनदा विझू दिलं आणि दोष वाऱ्याला दिला. संक्रांतीच्या आधी आत्या गेली. झोपेतच गेली. तिचे पांढरे बूट तिच्या मुलानं मला दिले. ते मला होत नाहीत, तरी मी ठेवलेत.

या मे महिन्यात पाणी पुन्हा उतरलं. मी माहेरपणाला आले होते. सकाळी आण्णा टोपी घालून निघाले, तेव्हा आईनं सवयीनं विचारलं, की मोटारीला आज काय झालं.

"मोटारीला काय धाड भरलीया?" आण्णा म्हणाले. "आक्काकडं चाललूय."

पाना खुंटीलाच राहिला. मी थर्मास भरून त्यांच्या मागं खाली उतरले, तर ते पहिल्याच खडकाशी थांबलेले, टाचेनं त्याला विचारत होते.