तिरप्या रेघा आणि अर्धा कोरा कागद

मित्रांनो, आज जळगावला एका ठिबकच्या कंपनीत परीक्षा देऊन आलो. परदेशी पत्रव्यवहारासाठी थोडं स्पॅनिश येणारा माणूस हवा होता. माझं शिक्षण बारावीला सुटलं, स्पॅनिश मोबाइलवर शिकलो. ही नोकरी मला हवी होती.

पेपरात क्रियापदांची रूपं लिहायची होती. स्पॅनिशमध्ये 'आब्लो' म्हणजे मी बोलतो. त्याच शब्दातल्या शेवटच्या अक्षरावर तिरपी रेघ दिली की अर्थ होतो, तो बोलला. त्यामुळे मी प्रत्येक रेघ देऊन पुन्हा मागे जाऊन तपासत होतो.

शेजारी साक्रीचा गणेश होता. ओळख सकाळचीच. तो हळूच म्हणाला, "तू पेपर लिखी राहिना का मेंदी काढी राहिना, भो?"

वेळ संपली तेव्हा माझा अर्धा कागद कोरा होता. गणेशने सगळं लिहिलं होतं, रेघ मात्र एकही दिली नव्हती. निवड त्याची झाली.

मी परीक्षा घेणाऱ्या साहेबांना माझ्या रेघा दाखवल्या. ते म्हणाले, "बरोबर आहेत. पण रेघा शिकवता येतील. अर्धा कागद कोरा घेऊन मी काय करू, भाऊ?"

स्टँडवर गणेशने चहा पाजला आणि विचारलं, "माले रेघा शिकाडशी ना?"

हो म्हणालो. धुळ्याच्या बसमध्ये बसल्यावर पेपरात राहिलेली सगळी रूपं रेघांसकट लिहिली आणि त्याला पाठवली. मला सगळी येत होती.

तुम्ही असता तर आधी कागद भरला असता का?