डाव्या पायाखालचं लाकूड

माझ्या छपरीत जुन्या शिलाई मशीनी इतक्या झाल्या आहेत की पाव्हण्याला पाय ठेवायला जागा नाही. नातवंडं छपरीला भंगारगल्ली म्हणतात. सून तोंडानं काही बोलत नाही, पण झाडू मारताना प्रत्येक स्टँडला एकेक ठोसा देऊन जाते. मी ऐकून न ऐकल्यासारखं करते. म्हातारपणाचा हा एक फायदा आहे, बहिरेपण हवं तेव्हा घेता येतं.

जुनी मशीन अख्खी सहसा मिळत नाही. डोकं एका गावात असतं अन् धड दुसऱ्या गावात. लोखंडी स्टँडवर कोणी टीव्ही ठेवलेला असतो, कोणी पाण्याची टाकी. पोहरादेवीच्या रस्त्याला एका चहावाल्यानं तर त्यावर शेगडी मांडली होती, पायडलवर पाय ठेवून आरामात चहा गाळत होता. डोकं भंगारवाल्याच्या काट्यावरून उचलून आणायचं, धड कुठून तरी शोधायचं अन् दोघांची सोयरीक जमवायची. डिझेलमध्ये ब्रश बुडवून जुना चिकटा काढायचा, दात्यांतला पिढ्यांचा कापूस सुईनं ओढायचा, चाकाला चामड्याचा नवा पट्टा चढवायचा. काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी मात्र नुसत्या मशीनच्या तेलाच्या फडक्यानं पुसायची. हे मला आता कळतं. गोळा केलेली पहिली मशीन मी पाण्याच्या पितळी गुंडासारखी राखेनं घासली होती. वेलबुट्टी गेली, मशीन विधवेच्या कपाळासारखी झाली अन् मी शेजारणीला बोलावून दाखवलं, पाहा किती लख्ख निघाली.

त्याच्याही आधीची मी तर विचारू नका. लग्न होऊन शेलूबाजारात आले तेव्हा माहेरच्यांनी सांगितलं होतं, पोरगी शिवणात हुशार आहे. पोरगी गोधडीच्या चार उभ्या टाक्यांत हुशार होती. मालकांनी हौसेनं जुनी मशीन घेऊन दिली. मी पहिलं पोलकं शिवलं तर दोन्ही बाह्या डाव्या. तरी घालून बाजारात गेले. मग मशीन जड चालते म्हणून तिला तेल घालायचं ठरवलं. मशीनचं तेल वेगळं असतं हे त्या हुशार बाईला कोणी सांगावं? घरात जवसाचं तेल होतं. चटणीवर घेतो तेच. भोकाभोकांतून ओतलं. दोन-चार दिवस लोण्यासारखी चालली. मग जवस वाळलं अन् मशीन अशी आवळली की चाक फिरवताना हात दुखला. मालकांनी वास घेतला अन् विचारलं, भाकर कुठं आहे. गावभर झालं. मातीच्या तेलात, म्हणजे घासलेटात, सगळं खोलून धुवायला मी शिकले ते त्या जवसापायी.

त्याच मशीनवर माझी लेक शिवायला शिकली.

लेकीचा डावा पाय पोलिओनं आखूड होता. खुर्चीवर बसली की उजवा पाय पायडलवर टेकायचा, डावा अधांतरी. एका पायानं मारायची अन् दमायची. तिच्या बापानं पेरणीच्या मोडक्या तिफणीचं बाभळीचं लाकूड घेतलं, तिच्या टाचेचं माप धरलं, कडा तासून गोल केल्या अन् पायडलच्या डाव्या बाजूला खिळ्यांनी ठोकून दिलं. पोरीचा पाय टेकला. तेव्हापासून घरात मशीन चालली की तिचा एक आवाज यायचा. एक ठोका जोराचा, एक हलका. टक्क-टुक, टक्क-टुक. मशीनसुद्धा लंगडत चालायची. मी चुलीपाशी असायचे. आवाज थांबला की समजायचं, बाईंचा दोरा तुटला, आता हाक येईल.

लग्नात तीच मशीन तिला आंदण दिली. लेक धनजला नांदायला गेली. तिथं ती आजूबाजूच्या बायांची पोलकी शिवायची अन् माझ्यासारखी दोन्ही बाह्या डाव्या करायची नाही. लेकरूबाळ व्हायच्या आतच काविळीनं गेली. आम्ही पोचलो तेव्हा मशीनच्या सुईखाली अर्धं शिवलेलं परकराचं कापड तसंच अडकलेलं होतं.

पुढच्या वर्षी जावयानं दुसरं लग्न केलं. त्यात वावगं काही नव्हतं, आम्हीच होकार दिला होता. आमच्याकडं रीत आहे, दुसरी आली की तिनं पहिलीच्या माहेरी पाया पडायला यायचं, तिथल्या बाईला आई म्हणायचं. ती आली. मी साडीचोळी केली, पुरणाचं जेवण घातलं. ती आई म्हणत राहिली अन् मी तिच्या पायांकडं पाहत राहिले. दोन्ही पाय सारखे होते. पुढं कधी मी धनजला गेले नाही.

मशीनी गोळा करायची खोड मला त्यानंतर लागली. एकदा भंगारवाल्याच्या हातगाडीवर एक डोकं पाहिलं अन् वाटलं, हे चाललं तर कसं वाजेल. आणलं, धुतलं, वाजवलं. तसं वाजलं नाही. मग दुसरं आणलं. मालक होते तोवर स्टँड उचलायला मदत करायचे अन् कायले, म्हणून कधी विचारायचे नाहीत. ते गेल्यावर मी एकटीच आणत गेले. प्रत्येक मशीन दुरुस्त झाली की संध्याकाळी रिकामीच चालवून बघायची. बऱ्या चालायच्या सगळ्या. लंगडत एकही नव्हती. माझ्या डोक्याला ठाऊक होतं की लोखंडात काही आवाज साठून राहत नाही. कानाला ते कोण समजावणार.

यंदा तूर निघाल्यावर मी ठरवलं की धनजची मशीन परत आणायची. मागून आणली तर लोक म्हणतील, म्हातारी आंदण परत घ्यायला आली. म्हणून मी डाव रचला. छपरीतली सगळ्यात देखणी मशीन निवडली, वेलबुट्टी शाबूत, चाक चांदीसारखं. ओळखीच्या जीपवाल्याच्या गाडीत मागं बांधली. तिकडं जाऊन म्हणायचं, तुझी मशीन बघायला आले. मग खोलायची, तोंड वाईट करायचं, मान हलवायची, ही काही आता राहत नाही म्हणायचं, अन् देखणी देऊन जुनी उचलायची. जीपवाल्याला मी कारंज्यापर्यंत हा डाव दोनदा सांगितला. तो म्हणाला, आजी, तुम्ही राजकारणात पाहिजे होत्या.

जावई वावरात गेले होते. घरी तीच होती, दुसरी. आता तीही पोक्त झाली आहे, केसात पांढरं दिसतं. मला दारात पाहून तिच्या हातातलं सूप खाली गेलं. पाया पडली. पाणी आणलं, चहा ठेवला, अन् मशीन पाहायची म्हटल्यावर एकदम खूश झाली. म्हणाली की मशीन लई जड चालून राहिली आहे, कारंज्याचा कारागीर येतो म्हणतो अन् येत नाही.

मशीन खिडकीपाशी होती. मी जवळ बसले, वरची पाटी सरकवली अन् नाकाला वास आला. जवस.

मी हसायला लागले ते थांबेचना. तिला वाटलं म्हातारी बिघडली. मग मी तिला माझी भाकरीची गोष्ट सांगितली. तीही पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, घरचं तेल चांगलं म्हणून घातलं, बाहेरच्याचा काय भरोसा. तेव्हा मालकांना मी हेच म्हटलं होतं, शब्दाला शब्द. मी इतकी वर्षं जिच्या पायांवर राग धरून बसले, ती माझ्याइतकीच बावळट निघाली. पण डाव तो डाव. मी तोंड वाईट केलं, मान हलवली. म्हटलं, हिचं आता काही खरं नाही, त्यापेक्षा मी आणलेली बघ. जीपवाल्यानं देखणी मशीन आत आणून ठेवली.

ती बसली. कापड घातलं, चाकाला हात दिला, पायडल मारलं अन् थांबली. पुन्हा मारलं. तिचा डावा पाय पायडलवर काहीतरी शोधत होता. पुढं, मागं. मग तिनं वाकून खाली पाहिलं.

"आई, याले लाकूड नाही काय?"

मी म्हटलं, सगळ्या मशीनींना नसतं. तिला ते नवलच वाटलं. ती लग्नाआधी कधी मशीनवर बसली नव्हती, शिकली ती याच मशीनवर. नंतर एकदा माहेरी वहिनीच्या मशीनवर बसली तर पाय अधांतरी वाटले, तिनं वहिनीला विचारलं की तुमचं लाकूड कुठं पडलं. वहिनी अजून तिला हसते. देखण्या मशीनवरून ती उठली, तिच्या चाकावरून कौतुकानं हात फिरवला अन् परत आपल्या स्टुलावर जाऊन बसली, तिथंच बरं वाटलं म्हणाली.

माझा मोठा डाव तिथंच संपला. मग मी लहान डावावर आले. मशीन नाही तर निदान लाकूड. मशीन धुवायची म्हणून डोकं काढून अंगणात नेलं, जीपमधून डिझेल घेतलं, जवसाची वाळलेली खपली सुईनं, ब्रशनं काढली. स्टँड आडवा केला. लाकूड समोर आलं. बाभळीवर टाचेचा खड्डा पडला होता. मी त्यात तळहात ठेवला. खड्डा रुंद होता. यातला लेकीचा किती अन् हिचा किती, हाताला सांगता येईना. एक खिळा ढिला झाला होता. मी पक्कड घेतली, खिळा धरला अन् म्हटलं, हे सडलं आहे, काढून टाकते.

ती स्वयंपाकघरातून धावत आली अन् तिनं माझ्या मनगटाला धरलं. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्याशी जरा कडक बोलली.

"ते नका काढू आई. ह्यायनं मले पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं, मशीन तुही हाये पन लाकडाले हात लावायचा नाही."

मी विचारलं, काहून?

"मी इचारलं नाही. गावात बाया सांगतच असतात ना. मले समजलं."

मनगट तिनं सोडलं नव्हतं. मी जावयाला इतकी वर्षं मनातल्या मनात काय काय म्हणून घेतलं होतं. वर्ष उलटायच्या आत विसरला, असं तर रोज म्हणायचे. तो माणूस एक लाकूड सांभाळत होता अन् त्याच्या बायकोनं कारण न विचारता त्यावर टाच ठेवली होती.

मी पक्कड खाली ठेवली. हातोडी मागितली. ढिला खिळा मालकांच्या हातचा होता, वाकडा झालेला. तो दगडावर ठेवून सरळ केला अन् त्याच भोकात पुन्हा ठोकला. शेजारी जीपवाल्याकडचा एक स्क्रू पिळून बसवला. आता ते लाकूड माझ्या जन्मात काही निघत नाही. मग डोकं चढवलं, पट्टा बसवला, जिथं तेल पाहिजे तिथं थेंब थेंब मशीनचं तेल दिलं अन् बाटली तिच्या हातात दिली. जवस चटणीपुरतं ठेव, म्हटलं.

ती शिवायला बसली. खरं सांगायचं तर मी याच क्षणासाठी आले होते. मशीन तीच, लाकूड तेच, खिळेसुद्धा तेच. मी भिंतीला टेकले अन् डोळे मिटले.

मशीन चालली. टक्-टक्-टक्-टक्. सगळे ठोके सारखे.

तिचे दोन्ही पाय सारखे होते. दुसरं काय वाजणार होतं. लंगडत मशीन नव्हती, लंगडत माझी पोर होती, अन् ती तो आवाज सोबत घेऊन गेली होती. हे कळायला मला छपरीभर लोखंड लागलं.

ती मागं वळून म्हणाली, किती हलकी चालून राहिली पाहा ना आई. मी म्हटलं, हो. अन् पदरानं हात पुसत बसले. हाताला डिझेल होतं म्हणून पुसायला वेळ लागला.

तिनं जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ज्वारीची भाकर केली अन् वर जवसाची चटणी वाढली, तीही मुद्दाम, तोंडावर हसू दाबून. निघताना तिनं माझ्या पोलक्याची उसवलेली बाही पाहिली. पोलकं उतरवून घेतलं, तिचं पोलकं मला घालायला दिलं अन् त्याच मशीनवर बसून बाही शिवून दिली. मी खिडकीपाशी उभी राहून पूर्ण शिलाई ऐकली.

देखणी मशीन आम्ही परत जीपमध्ये चढवली.  कारंजा मागं पडल्यावर जीपवाल्यानं विचारलं, आजी, डाव जमला नाही काय?

मी म्हटलं, गाडी हळू चालव, मशीन वाजून राहिली आहे. मागं खड्ड्याखड्ड्यातून देखण्या मशीनचं चाक नुसतंच फिरत होतं.