त्यानेच मान हलवली

तुरुंगातल्या मुलाखतीच्या जाळीपाशी काल मी एका कैद्याला नकारार्थी मान हलवताना पाहिलं, आणि घरी येईपर्यंत मला हलकं हलकं वाटत होतं.

मी मानसशास्त्रज्ञ आहे. लहान मुलांवर लैंगिक अत्याचार केलेल्या कैद्यांवर उपचार करते. हा त्यांतलाच, लवकरच सुटणारा. जाळीपलीकडून त्याचा थोरला भाऊ सांगत होता, "वरची खोली रंगवून ठेवलीय तुझ्यासाठी. खाली वहिनीची शिकवणी असते, पोरांचा गलका असतो. तुलाही करमेल."

मायेपोटी भावाला एवढी साधी गोष्ट दिसत नव्हती. मी बोलायला पुढे झाले, तेवढ्यात यानेच मान हलवली.

"तिथे नको, दादा. पोरं असतील तिथे मला ठेवू नकोस."

"अरे, पण आता तू सुधारलास ना?"

"म्हणूनच सांगतोय."

आमच्या चाचण्या धोका कमी की जास्त एवढंच सांगतात. तो संपला, असं कधीच सांगत नाहीत. उपचार म्हणजे मन धुऊन स्वच्छ करणं, असं लोकांना वाटतं. मला वाटतं, आपल्या मनावर कुठे विसंबायचं नाही, हे कळणं म्हणजेच उपचार. ज्या मुलीचं बालपण त्याने नासवलं, तिला यातून काहीच परत मिळत नाही, हे मी विसरत नाही.

पण आज संध्याकाळी त्या रंगवलेल्या खोलीखाली पोरं मोठमोठ्याने पाढे म्हणत असतील. तो सुटल्यावरही वरची खोली रिकामी का राहिली, हे त्यांना कधी कळणारही नाही. तेच बरं.