खुर्चीतलं गिऱ्हाईक

कप्तानाचं सगळं आयुष्य दुसऱ्यांना मार्लिन पकडून देण्यात गेलं. भाल्यासारखं नाक असलेला हा माणसाहून मोठा मासा गळावर खेळवायला हौशी लोक त्याची बोट भाड्याने घेत आणि हौस फिटली की मासा सोडून देत. नियम एकच: गिऱ्हाइकाशिवाय कुणाचा हात गळाच्या रॉडला लागला, तर तो मासा त्याच्या नावावर मोजायचा नाही. म्हणून कप्तान वर सुकाणू धरून नुसता ओरडायचा, "अहो, ढील द्या! झोपलात की काय?" गिऱ्हाईक उतरलं की मागून शिव्या वेगळ्याच.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्याने बोट लेकीच्या हवाली केली. एका रिकाम्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, आज मागे गिऱ्हाइकाच्या खुर्चीत तुम्ही बसा. एक तरी मासा तुमच्या नावावर होऊ दे."

कप्तान बसला खरा, पण "डावीकडे घे जरा" हे तोंडाने चालूच होतं. दुपारी रॉड वाकला, रीळ किंचाळलं आणि मागे पाण्यातून मार्लिन उसळला. कप्तान ताडकन उठला आणि गुडघे विसरून शिडी चढला. लेकीला बाजूला सारून त्याने सुकाणू धरलं आणि मागे वळून खेकसला, "रॉड धरा! अहो, रॉड!"

खुर्ची रिकामी होती. बघता बघता गळाचा दोर सैल पडला, मासा निसटला.

लेकीने हसू दाबलं. कप्तानाने त्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाला, "असलं बावळट गिऱ्हाईक पुन्हा बोटीवर घेऊ नकोस."