तीन स्क्रीन, एक ट्यूलिप

"योरीन, इकडे ये आणि खरं सांग. हे फूल कोणत्या रंगाचं आहे?"

"कुठलं, मावशी?"

"हे. आणि हे. आणि हे."

जेवणाच्या टेबलावर माझ्या लाइसबेट मावशीचा लॅपटॉप उघडा होता. त्याच्या डाव्या हाताला एक मॉनिटर, उजव्या हाताला दुसरा. तिन्हींवर एकच फोटो, एकच ट्यूलिप. लॅपटॉपवर ते फूल शेंदरी होतं. डावीकडच्या मोठ्या, चकचकीत मॉनिटरवर लालभडक, लग्नाला निघाल्यासारखं. उजवीकडच्या लहान, बिनचमकीच्या मॉनिटरवर मात्र मलूल, आजारातून नुकतंच उठल्यासारखं.

"तीन रंगांचं आहे," मी म्हटलं.

"वा! म्हणजे नाटकाच्या शाळेत हे शिकवतात. एवढं मलाही दिसतंय गं, पण खरं कुठलं?"

"खऱ्या फुलाशी ताडून बघ ना."

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी या गावची नाहीच. जून लागला होता. खिडकीबाहेर कालव्यापलीकडे माइंडर्टचं शेत पसरलं होतं, आणि त्यात एकाही रोपाला डोकं नव्हतं. आमच्याकडे ट्यूलिप फुलांसाठी लावतच नाहीत, कंदांसाठी लावतात. फूल नीट उमललं की यंत्र फिरवून मुंडकी उडवायची, म्हणजे सगळा जोर खाली कंदात उतरतो. मावशीनं एप्रिलमध्ये चिखलात गुडघे टेकून फोटो काढला होता आणि त्यानंतर लगेच ते फूल जगातून गेलं होतं.

"एक पाकळी ठेवली होती मी," ती म्हणाली. "पाकिटात. ही बघ."

पाकळी जांभळट तपकिरी झाली होती. हा चौथा रंग.

लाइसबेट मावशी फोटोग्राफर कशी झाली, हे विचारलं तर ती सांगते, "चुकून." आधी ती कंद निवडायच्या शेडमध्ये होती. कॅटलॉगचे फोटो काढणारा माणूस एका वसंतात आजारी पडला आणि कुणाच्या तरी हातात कॅमेरा द्यायचा होता, तो तिच्या हातात दिला. आजारी माणूस बरा झाला, पण कॅमेरा परत मागायला आला नाही. तेव्हापासून गावातल्या जवळजवळ प्रत्येक शेतकऱ्याची फुलं तिनंच टिपली. गुडघ्याखाली घ्यायची उशी झिजली तशी दुसरी आली, तिसरी आली. फिल्मच्या काळात फोटोचा रंग प्रयोगशाळेतले लोक ठरवायचे. बिघडला की शिव्या त्यांना. लॅपटॉप आला आणि शिव्यांचा पत्ता बदलला.

गेल्या वर्षी तर फारच बदलला. माइंडर्टची जर्दाळूच्या रंगाची ट्यूलिप कॅटलॉगमध्ये छापून आली ती ओल्या पुठ्ठ्यासारखी. परदेशातल्या गिऱ्हाइकांनी पान उलटलं आणि पुढे गेले. माइंडर्ट काही बोलला नाही. तो बोलत नाहीच. कॉफी प्यायला आला तेव्हा होर्न शहरातल्या एका तरुण फोटोग्राफरचं कार्ड त्यानं टेबलावर ठेवलं, कॉफी संपवली, कार्ड पुन्हा खिशात घातलं आणि गेला.

यंदाचं फूल तर त्यानं स्वतः बीजापासून वाढवलेलं. ट्यूलिपच्या बीजापासून विकण्याजोगे कंद व्हायला अर्धं आयुष्य जातं, आणि माइंडर्टचं गेलं होतं. त्या फुलाचं नावही त्यानं अजून ठेवलं नव्हतं. "आधी फोटो नीट छापून येऊ दे," एवढंच म्हणाला होता. हा फोटो बिघडला तर कार्ड या वेळी खिशात परत जाणार नाही, हे मावशीला पक्कं कळलं होतं. म्हणून ती नवा मॉनिटर घ्यायला होर्नला गेली होती, आणि तिथून जास्तच गोंधळून आली होती.

"त्या दुकानातल्या मुलीनं मला विचारलं, काकू, तुम्हाला किती रंग हवेत? मी म्हटलं, सगळे. ती म्हणाली, सगळे कुठल्याच स्क्रीनमध्ये नसतात. मग म्हणाली, हा मोठा खेळांसाठी चांगला आहे. मी म्हटलं, मी गुडघे धरून चालते, मी कसले खेळ खेळते! मग तिनं हा लहान दाखवला. आकारानं कमी, किमतीनं जास्त. आणि म्हणाली, रंग मोजायची एक चकतीही घ्या, ती स्क्रीनवर लावायची, मग स्क्रीन खोटं बोलत असेल तर कळतं."

"मग घेतलीस?"

"खोटं बोलणारा मी आणायचा आणि त्याच्यावर पाळत ठेवणारीही मीच आणायची? नाही घेतली. दोन्ही मॉनिटर आणले. जो नको तो परत द्यायचा."

"बरं केलंस."

"काय बरं केलं? सकाळी तो मोठा खरा वाटत होता. ढग आला तर लहान खरा वाटायला लागला. आता ऊन आहे, तर तिन्हींवर मला माझंच तोंड दिसतंय."

तिथे माझी ट्यूब पेटली. मावशीच्या बैठकीला रस्त्याच्या बाजूनं भिंतभर खिडकी, मागच्या बाजूनंही भिंतभर खिडकी. प्रकाश पुढून शिरतो आणि मागून बाहेर पडतो. त्या उन्हाळ्यात मी गावच्या मंडळाचं नाटक बसवायला तिच्याकडे राहिले होते, आणि रंगमंचावरचे दिवे ठरवायचे तर आम्ही आधी सगळा अंधार करतो.

"मावशी, पडदे ओढ."

"काय?"

"पडदे. बाहेरचा उजेड बंद कर, म्हणजे स्क्रीनचा तेवढा दिसेल."

"दिवसाढवळ्या?"

"दहा मिनिटं गं. कोण बघतंय?"

"या गावात?" मावशी म्हणाली. "कोण नाही बघत?"

पण तिनं ओढले. ते पडदे इतक्या वर्षांत हललेच नसावेत. घड्यांमधून धूळ उडाली. खिडकीतली जिरेनियमची कुंडी मी आत घेतली. खोली अंधारली आणि तिन्ही फुलं एकदम पेटली. डोळे दिपावे एवढी.

"अगं बाई," मावशी लॅपटॉपकडे बघून म्हणाली, "हा एवढा प्रखर कधीपासून?"

उत्तर न ऐकताच ती तिन्ही स्क्रीन ताडत बसली, आणि दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. दार वाजलं, आणि आम्ही उघडण्याआधीच शेजारची ट्रीनकाकू आत आली. हातात झाकण घातलेलं पातेलं, डोळे लाल.

"लाइसबेट!" तिनं पातेलं माझ्या हातात दिलं आणि मावशीला मिठी मारली. "सकाळीच तर मी त्याला शिडीवर पाहिलं गं! पन्हळ साफ करत होता. मी म्हटलंही होतं मनात, या वयात शिडी..."

"कोणाला?"

"रडून घे. माझ्यासमोर कसला संकोच."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मी पडद्यांकडे पाहिलं, आणि आम्हा दोघींना एकाच क्षणी कळलं की आपण काय करून बसलो आहोत. दिवसा ओढलेले पडदे म्हणजे आमच्या गावात एकच निरोप असतो: घरात कुणीतरी गेलं.

"ट्रीन, ऐक, सीम..."

"काही बोलू नकोस. वाटाण्याचं सूप आहे, घट्ट केलंय. चमचा उभा राहील."

तोवर तिच्या मागून समोरच्या घरातले दोघं आले, हात पुढे करून, पुटपुटत. कुणीतरी केक आणला होता. आणि त्या सगळ्यांच्या मागे, काळा कोट घालून, टोपी छातीशी धरून, माइंडर्ट.

मावशीचं तोंड पांढरं पडलं. त्यानं हा फोटो तयार होण्याआधी पाहू नये, एवढंच तिला हवं होतं. आणि तो तर तिन्ही फुलांकडे एकटक बघत होता.

नेमका तेव्हा मागच्या दारानं मावशीचा नवरा, सीमकाका, आत आला. मोजे घातलेले पाय, हाताला सायकलच्या साखळीचं तेल. अंधारात एवढी माणसं उभी बघून त्यानंही आवाज खाली आणला.

"कोण गेलं?"

"तू," मावशी म्हणाली.

"अरेरे," काका म्हणाला. मग थोडं थांबून, "केक माझ्यासाठीच आहे म्हणायचा."

ट्रीनकाकूनं किंकाळी फोडली आणि मग त्याला फटका मारला. "मेल्या! मी तुझ्यासाठी घरातलं अख्खं सूप आणलं!"

"मग ते परत नेऊ नकोस. जिवंत माणसालाही भूक लागते."

कुणी घरी जाईना. एवढे सगळे आलेच होते, केकही कापला होता. मावशीला सगळं सांगावं लागलं: मॉनिटर, रंग, उजेड. झालं, प्रत्येकाला मत फुटलं.

"मोठा घे," ट्रीनकाकू म्हणाली. "किती गोड लाल दिसतंय!"

"लाल नाही, नव्या कौलासारखं आहे," समोरचा शेजारी म्हणाला.

"कौल? मला तर खारवलेली मासळी चिरल्यावर आतून दिसते तसं वाटतंय," त्याची बायको म्हणाली.

"तो छोटा परत कर हं, लाइसबेट," ट्रीनकाकू म्हणाली. "त्यावर फूल मेल्यासारखं दिसतंय. आज मेलेलं खूप झालं."

माइंडर्ट तिन्ही स्क्रीन आळीपाळीनं बघत होता.

"तू सांग, माइंडर्ट," मावशी म्हणाली. "फूल तुझं आहे. कुठलं खरं?"

त्यानं खांदे उडवले. "ते शेतात होतं. इथे नव्हतं."

"हे काय उत्तर झालं?"

"गेल्या वर्षीचंही स्क्रीनवर असंच छान दिसलं असेल ना?" ट्रीनकाकूनं केक खाताखाता विचारलं. तिच्या मनात काही नसावं. तिच्या मनात असतं ते आधीच बाहेर आलेलं असतं.

मावशी उभी होती ती बसली. बटणं दाबायला लागली, चुकीची फाइल उघडली, बंद केली, दुसरी उघडली. गेल्या वर्षीची जर्दाळू ट्यूलिप तिन्ही स्क्रीनवर आली. मोठ्यावर ती झगमगत होती. लॅपटॉपवर सुंदर होती. लहान मॉनिटरवर ओला पुठ्ठा.

मावशीनं खणातून छापील कॅटलॉग काढला, माझ्याकडून टेबलावरचा दिवा लावून घेतला आणि ते पान लहान मॉनिटरशेजारी धरलं. तोच काळपटपणा, त्याच मळकट कडा. जुळी भावंडं.

"म्हणजे..." मावशी म्हणाली आणि थांबली. "थांबा, मला नीट विचार करू द्या. माझी चूक याच एकट्यावर दिसतेय. म्हणजे हा खरं सांगतोय? आणि हे दोघं माझी स्तुती करतायत?"

"या खिडकीसमोर बसून तू लॅपटॉप पूर्ण प्रखर करून ठेवला होतास," मी म्हटलं. "उन्हात दिसावं म्हणून. फोटो तुला उजळ वाटला. तो मुळात काळपट होता."

"गेल्या वर्षीही?"

"गेल्या वर्षीही."

"मग मॉनिटर नको, पडदेच हवेत की काय?" सीमकाका म्हणाला.

"दोन्ही हवं," मावशी म्हणाली. "बहुतेक. मला नक्की माहीत नाही." मग तिनं लहान मॉनिटरवर हात ठेवला. "हा ठेवते."

"सगळ्यात वाईट दिसतो," माइंडर्ट म्हणाला. त्या दुपारी त्यानं दुसऱ्यांदाच तोंड उघडलं.

"हो ना. मलाही तेच वाटतंय."

मोठा मॉनिटर खोक्यात गेला. पडदे ओढलेलेच राहिले, आणि मावशीनं खिडकीच्या काचेला कागद चिकटवला: सीम जिवंत आहे. आत फोटोंचं काम चालू आहे. त्यानं फारसा फरक पडला नाही. लोक खात्री करायला येतच राहिले, आणि काका प्रत्येकाला दारात उभा राहून नाडी दाखवायचा.

आत मावशी आणि माइंडर्ट शेजारीशेजारी बसत. आता स्क्रीन खोटं बोलत नव्हती, पण खरं काय ते दोघांपैकी कुणालाही शब्दात सांगता येत नव्हतं.

"जरा कमी," माइंडर्ट म्हणे.

"काय कमी? लाल? पिवळा?"

"दुपार कमी."

"अरे, इथे दुपार असं बटण नाहीये!"

"मग सकाळ जास्त कर."

ती वैतागे, सरकवे, पुन्हा मागे आणे. तो कधी मान हलवे, कधी नुसता श्वास सोडे, आणि मावशी मला स्वयंपाकघरात येऊन विचारी, "हा श्वास हो होता की नाही होता?" मला काय ठाऊक? एकदा तर दोघं एका पाकळीच्या कडेवरून असे भांडले की काकानं दोघांच्या मध्ये सूप आणून ठेवलं.

छापखान्यातून नमुन्याचं पान आलं तेव्हा मावशीनं ते आधी टेबलावर पाहिलं, मग स्वयंपाकघरात, मग संडासातल्या दिव्याखाली. तीन ठिकाणी तीन रंग.

"मी परत पहिल्या पायरीवर आले गं," ती म्हणाली आणि पान उलटं ठेवून दिलं.

माइंडर्टनं ते उचललं आणि काही न बोलता बाहेर पडला. आम्ही त्याच्या मागून, कालव्यावरच्या फळीवरून, त्याच्या शेताच्या कडेपर्यंत. मुंडकी उडवलेल्या रोपांची पानं पिवळी पडायला लागली होती. आकाश आमच्याकडे असतं तसं राखाडी. तो ज्या वाफ्यात ते फूल होतं त्या वाफ्याशी गेला, खाली वाकला आणि छापील पान बरोबर फुलाच्या उंचीवर, एका बोडक्या देठावर धरलं. कितीतरी वेळ तसाच वाकलेला. वाऱ्यानं पान फडफडलं की दुसऱ्या हातानं सरळ करायचा.

मग उठला, पाठ चोळली, पान घडी न घालता कोटाच्या आत नीट सरकवलं आणि शेडकडे चालायला लागला.

"माइंडर्ट!" मावशीनं हाक मारली. "बरं आहे का?"

तो न वळता म्हणाला, "ऑगस्टमध्ये डेलिया फुलतील. सकाळी लवकर ये. उशी आण, जमीन ओली असते."

मावशी उभीच राहिली. तिच्या बुटांभोवती चिखल चढत होता.

"योरीन," तिनं हळूच विचारलं, "हे हो होतं का?"