रिकाम्या ड्रमचा आवाज

मी गाव सोडलं त्या दिवशी शिरड शहापुरात एवढी हळद वाळत पडली होती, की एखादं विमान वरून गेलं असतं तर पायलटनं सूर्य खाली पडला म्हणून ठाण्यात खबर दिली असती. बाबा एका शेतकऱ्याच्या खळ्यावर ड्रम लावून उभे होते. ज्यांनी तो ड्रम पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते एक जाळीचं लोखंडी पिंप असतं, ट्रॅक्टरच्या जोरावर फिरणारं. शिजवून वाळवलेली हळकुंडं त्यात घालायची, ती एकमेकांवर घासतात, साल उडते, चकाकी येते. याला पॉलिश म्हणतात. हंगामात बाबा खळ्याखळ्यानं हेच करत हिंडतात.

खांद्याला बॅग लावून मी पाया पडायला गेलो. बाबांनी ड्रम थांबवला नाही. काहीतरी बोलले, ते त्या गदारोळात गेलं. मी कान पुढं केला तसं त्यांना ओरडून परत सांगावं लागलं, "कान तुला दिला म्या, अन् तू तो घेऊन चालला." मग पिवळ्या हातानं पाठीवर एक थाप. ते पाच बोटांचं ठिगळ सदऱ्यावर घेऊन मी विमानात बसलो. शेजारच्या बाईंना वाटलं, तिकडची फॅशन असेल.

आता कानाचं सांगतो. बाबा ड्रमचं झाकण उघडून कधी पाहत नाहीत. ते ऐकतात. हळद ओली असली तर ड्रम भदभद बोलतो, वाळलेली असली तर खडखड, अन् पॉलिश पुरी झाली की खणखण. तिथं बंद करायचा. उशीर केला तर हळकुंडाचाच भुगा व्हायला लागतो अन् शेतकऱ्याचं वजन घटतं. लोक म्हणतात, म्हणजे मीच म्हणतो, की बाबा एकदा कनेरगाव नाक्यावर ढाब्यात चहा पीत बसले होते अन् तिथून त्यांनी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वसमतच्या ड्रमला निरोप धाडला, बंद करा, बास झाली. एवढं जाऊ द्या. पण भावंडांत हा कान एकट्या मला आला, हे मात्र खरं. दहा वर्षांचा असताना मी डोळे मिटून सांगायचो, अजून दोन मिनिटं. बाबा तेवढंच थांबायचे. ड्रम पुढं माझाच, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. मी इंजिनियर झालो अन् फिनलंडात नोकरी धरली, हे मी ठरवलं.

इथं तांपेरे नावाच्या शहरात मी राहतो. हे गाव इतकं गप्प आहे, की बर्फ पडताना एक कण दुसऱ्याला 'सरक' म्हणतो तेही ऐकू येतं. माणसं चांगली आहेत. पण थापा मारणाऱ्या माणसाला इथं जगणं फार तकलीफीचं. ऑफिसात एकाला मी सांगितलं, आमच्याकडं हंगामात हळदीच्या धुरळ्यानं कावळे पिवळे होतात अन् सोनार त्यांच्या मागं पिंजरे घेऊन पळतात. त्यानं शांतपणे मान डोलवली. दुसऱ्या दिवशी येऊन विचारलं, ते परत काळे साधारण कोणत्या महिन्यात होतात. शिरडच्या पारावर हे बोललो असतो तर कुणीतरी लगेच म्हणालं असतं, "व्हय रे, अन् कावळे रंगवायचं टेंडर तुझ्याच आज्याला होतं ना?" खोटं पकडणारं कुणी नसलं की माणूस किती एकटा पडतो, हे गावात असताना मला कुणी सांगितलं असतं तर मी ती थापच समजलो असतो.

दर रविवारी मी घरी फोन करायचो. उचलायचे बाबाच. "मायला देतो" एवढंच म्हणायचे अन् माय फोनवर यायची. चार वर्षं माझ्या वाट्याला बापाचे हे दोनच शब्द. कधी कधी मला वाटायचं, मायनं फोन घेताना जरा घोळ घालावा, म्हणजे बाबांना तिसरा शब्द तरी बोलावा लागेल.

अशातच ऑफिसातल्या एका मुलीनं तिचा जुना सिंथेसायझर विकायला काढला. तळहाताहून जरासा मोठा, बॅटरीवर चालणारा, कोटाच्या खिशात मावणारा. बटणं हरभऱ्याएवढी. मी घेतला. चार सूर भरून दिले की तो ती धून आपली आपणच फिरवत बसतो. मी स्वयंपाक करताना ती चालू ठेवायचो. घरात कुणीतरी गुणगुणतंय असं वाटायचं. मग कळलं, धुनीपेक्षा मजा आवाज घडवण्यात आहे. आधी एक कच्चा आवाज घ्यायचा, सूप पाखडल्यासारखी नुसती सळसळ. एका बटणानं त्यातला पातळपणा गाळायचा, दुसऱ्यानं तो किती झटक्यात उठेल अन् किती सावकाश मरेल ते ठरवायचं. मी वसमतच्या स्टँडवर सकाळी चालू न होणारी एसटी बनवली. ती इतकी हुबेहूब झाली की मला जागा धरायला रुमाल टाकावासा वाटला.

मार्चात, गावाकडं हळद शिजायला लागली असेल अशा दिवसांत, मी ड्रम बनवायला बसलो. खाली जाड घरघर, वर सळसळीचे बारीक तुकडे, अन् सगळं एका फेऱ्यात बांधलेलं. तीन आठवडे ऑफिसातून आलो की कोटही न काढता बटणं पिळत बसायचो. एका शनिवारी तो थेट शिरडच्या ड्रमसारखा बोलला. लगेच मायच्या फोनवर पाठवला अन् सोबत लिहिलं, 'इथं ड्रम बसवलाय. फिनलंडची हळद पॉलिश करून राहिलो. गिऱ्हाइकं तळ्याच्या पलीकडपर्यंत उभी.'

रविवारी बाबांनी फोन उचलला. नेहमीचे दोन शब्द आले नाहीत. म्हणाले, "ड्रम रिकामा हाय तुझा."

मी म्हणालो, काहून?

"माल असला की अर्ध्या फेऱ्यात ड्रमला दम लागतो. माल वर चढतो, मंग खाली पडतो. तुझं पिंप नुसतं फिरून राहिलं. कोणाला फसवतो?"

अन् फोन मायकडं गेला. माय काय बोलली ते मला आठवत नाही. मी खिडकीशी उभा होतो अन् चार वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी खोट्यात पकडलं होतं.

त्यानंतर दर शनिवारी मी आवाज पाठवायचो अन् रविवारी निकाल लागायचा. ओली हाय. लई भरला, पट्टा तुटंल. गोटे टाकले का आत? मी बटण केसभर फिरवायचो, फेऱ्याच्या मधोमध एक दचका घालायचो. जेवला का, थंडी कशी, यातलं बाबा काही विचारत नव्हते अन् मीही काही सांगत नव्हतो. शेवटी एकदा 'चालंल' म्हणाले. त्या दिवशी मी आनंदानं एवढा नाचलो की खालच्या मजल्यावरच्या आजी चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या दाराशी आल्या.

पण चालंल म्हटल्यावर पुढं पाठवायला काही उरलं नाही. मला धास्ती पडली की आता परत 'मायला देतो' सुरू होणार. पुढच्या रविवारी बाबांनी खळ्यावरच फोन उचलला अन् म्हणाले, "माझा उजवा कान गेला. ड्रमनं खाल्ला. मला उमगत न्हाई आता. फोन ड्रमपाशी धरतो, कवा बंद करायचा ते तू सांग."

माझ्याकडं सकाळ होती, शिरडला दुपार. फोनवर ड्रम पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखा येत होता. मी डोळे मिटले. खडखड चालली होती. मी सांगितलं, बाबा, अजून पाच मिनिटं. बाबा तिकडं तसेच हात लांबवून उभे. ड्रमच्या मधेमधे त्यांचा श्वास येत होता.

पाच मिनिटांनी म्हणालो, बंद करा.

"बराबर," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी लहानपणानंतर ऐकला नव्हता.

संध्याकाळी मायचा फोन आला. मी कानाच्या डॉक्टरचं विचारलं तर हसायला लागली. म्हणाली, "त्याच्या कानाला काय धाड भरली? चुलीवर दूध उतू चाललं तर खळ्यातून वरडतो तो." मी तिला म्हणालो, तू मला हे सांगितलंस ते बाबांना सांगू नको.

तर शिरडच्या मंडळींनो, अन् माझ्यासारखे जे कुठं कुठं जाऊन बसलेत त्यांनो, घर आता मला कुठं वाटतं ते सांगतो. यात थाप नाही. त्या दिवशी ड्रम तिसऱ्या मिनिटालाच खणखणायला लागला होता. मला कळलं होतं, अन् मी गप्प राहिलो. बाबांनाही कळलं होतं, अन् तेही हात लांबवून उभे राहिले. ज्या शेतकऱ्याची ती हळद होती त्याचं वजन चिमूटभर घटलं असेल. त्याची मी माफी मागतो. पण घर म्हणाल तर ती वरची दोन मिनिटं, ती मी कुणाला परत देणार नाही.